बाहेरची कडी

टोपली तीच होती, म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नाही. परसदारी आवाज आला, मी कागदांत डोकं घालून बसलो होतो, आणि सवयीने ओरडलो, "काशीबाई, आज बोंबील नको, गेल्या खेपेला झालेत." उठून बघतो तर उंबऱ्याबाहेर काशीबाईची सून हिरा उभी. टोपली अजून डोक्यावरच होती. म्हणाली, "भाऊ, आय गेली. सोमवारी. तुमाला सांगावा धाडायला कोन नव्हता." मग टोपली खाली ठेवून ती आमच्या पायरीवर बसली, आणि दोन मिनिटांनी तिनेच विचारलं, "कोलंबी ठेवू काय? ताजी हाय."

या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. काशीबाई काही मोठी बाई नव्हती. कोपरीच्या खाडीकडच्या वाडीत राहायची, सकाळी स्टेशनाचे रूळ ओलांडून आमच्या आळीत यायची, अकराच्या आत टोपली रिकामी करून परत जायची. अशा बाईवर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहितात का, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते द्यायला मला सात वर्षं लागली आहेत. मी बोलका माणूस नाही. मोजणी खात्यात आयुष्य गेलं. शिळेपासून टिटवाळ्यापर्यंत लोकांच्या शेतांवर साखळी टाकून आकडे लिहायचे आणि भांडण सुरू झालं की छत्री उचलून दूर उभं राहायचं, ही माझी सवय. घरातही मी तसाच दूर उभा राहिलो. त्याची ही हकिगत आहे.

आमची कुंदा स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी झाली. दिसायला गोरीगोमटी, नाकीडोळी नीटस. दोन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघायची नाही, पण शेजारच्या घरात कुणी तांदूळ पाखडायला घेतले की धावत सुटायची. चवड्यांवर चालायची. वस्तू ओळीने मांडायची, आणि ओळ कुणी मोडली तर असा आकांत करायची की आळी गोळा व्हावी. ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी तपासलं, मुंबईतल्याही एकांनी तपासलं. एकाने कानांत बोटं घालून बघितलं, दुसरे म्हणाले, मुलगी हुशार आहे की मंद तेच कळत नाही. तिच्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता. आम्हालाही तो नव्हता. माझी आई म्हणायची, "आपल्याच तंद्रीत असते पोर."

हे सगळं आम्ही निभावून नेलं असतं. खरी अडचण वेगळी होती, आणि ती छापील कागदावर लिहिताना आजही संकोच वाटतो. चौथं सरलं तरी कुंदाला शी-शू कुठे करायची ते कळत नव्हतं. कळत नव्हतं असं आम्ही समजत होतो, असं म्हणणं अधिक बरोबर. माझी आई तिला अजून पायांवर बसवायची. आपल्या घरांतून तान्ह्या मुलांना बसवतात तसंच... पाय लांब करून, दोन पावलांमध्ये कागद ठेवून, वरून "शी-शी" करत. सहा महिन्यांच्या पोराला ते ठीक. चार वर्षांची मुलगी धनुष्यासारखी ताठ व्हायची, किंचाळायची, आणि सोडल्यावर दोन मिनिटांत कपडे भरवायची. विमल, माझी पत्नी, दिवसाला सात-आठ परकर धूत होती. नवसाचे उपाय झाले. एका मावशींनी डाग द्यायला सुचवलं, तेव्हा मात्र विमलने त्यांना चहा न देताच वाटेला लावलं.

पलीकडच्या आळीत एका बाईंनी घरातच बालवर्ग काढला होता. आम्ही भीतभीत कुंदाला घेऊन गेलो. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "बोलत नाही ना, चालेल. इतर मुलं बोलतील, ती ऐकेल. पण कपडे खराब करून मात्र मला चालायचं नाही हो, माझ्याकडे मदतीला कुणी नाही. जूनपर्यंत तेवढं शिकवा, जागा राखून ठेवते." घरी आल्यावर विमलने कुंदासाठी पाटी काढून पुसून ठेवली. ती पाटी मला दिसत राहिली. कुंदाला कुणीतरी कुठेतरी घेणार आहे, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी आमच्या घरात आशेची होती.

मग मी पद्धत ठरवली. "ठरवली" हा शब्द माझा. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलाला वेळेची शिस्त लावा, घड्याळ लावून बसवा, काम होईपर्यंत उठू देऊ नका, लाड करू नका, पंधरा दिवसांत सुधारेल. आकड्यांच्या माणसाला हे पटलं. आईची पायांवर बसवायची पद्धत मी बंद केली. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, अशा दोन वेळा कुंदाला परसातल्या संडासात नेऊन बसवायचं. तेव्हाचे संडास वाचकांना आठवत असतील. वर दोन दगडी पायऱ्या, मध्ये भोक, खाली पत्र्याचा डबा, आणि डबा ओढून न्यायला मागच्या गल्लीत उघडणारी झडप. आत अंधार, वास. मोठ्या माणसालाही नकोसं वाटायचं. चार वर्षांच्या मुलीला तिथे काय वाटत असेल हा प्रश्न मला पडला नाही. मी घड्याळ घेऊन बाहेर उभा राहायचो.

काशीबाई हे बघत असायची. आमच्याकडे ती नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त बसायची, कारण कुंदा. तिच्या टोपलीत तिसऱ्या असल्या की कुंदा त्या ओल्या शिंपल्यांत हात घालून बसे आणि पायरीवर एकेक मांडत जाई. काशीबाई तिच्याशी बोलायची नाही, तिला गोंजारायचीही नाही. नुसती शेजारी बसून मासे साफ करायची. कुंदा तिला टेकून बसायची. आम्हाला कुणालाही ती टेकत नसे. एकदा काशीबाई मला म्हणाली, "भाऊ, घडयालात बघून कोनाला लागते काय? तुमाला लागते?" मी हसलो नाही. म्हणालो, "काशीबाई, तुम्ही माशांचं बघा."

तो चैत्रातला सुट्टीचा दिवस होता. विमल देवळात गेली होती, आई देवघरात होती, काशीबाई विहिरीपाशी मासे साफ करत होती. कुंदाला मी आठ वाजता बसवलं. ती उठून आली. पुन्हा बसवलं, पुन्हा आली. असं चार वेळा. जून दोन महिन्यांवर आला होता. पाचव्या वेळी मी दार लोटलं आणि बाहेरची कडी घातली. पाच मिनिटं, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात पुढच्या दारी ऑफिसातले एक गृहस्थ आले. दाव्यातला नकाशा हवा होता. मी पुढे गेलो, नकाशा काढला, बोलत बसलो... आणि तेवढ्यात मागच्या गल्लीत मैला न्यायला माणूस आला. त्याने रोजच्यासारखी झडप उघडली आणि डबा ओढला. आत पोर आहे हे त्याला काय माहीत? अंधारात बसलेल्या मुलीच्या पायाखालून एकदम उजेड आला, पत्रा दगडावर खरवडला आणि एक हात आला.

ती किंकाळी मी पुढच्या खोलीत ऐकली. काशीबाई तशीच धावली आणि तिने कडी काढली. मी परसात पोचलो तेव्हा विमल देवळातून परत आली होती, आई देवघरातून आली होती, कुंदा जमिनीवर पडून हातपाय झाडत होती आणि काशीबाईचा हात अजून कडीवर होता. कडीला माशाचे खवले चिकटले होते. आईने ते बघितलं. "कडी कुणी लावली? हिनंच लावली असणार! पोर मध्ये येते म्हणून कोंडली ना गं सटवे?"

काशीबाईने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. मी काही बोललो नाही.

एवढंच. इतकी वर्षं मी जे लपवलं ते एवढंच आहे. मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला पुष्कळदा समजावलं. बोललोच नाही तर खोटं कसं? काशीबाईही काही बोलली नाही. तिने हात धुतले, टोपली उचलली आणि ती गेली. आईने तिला पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापर्यंत आळीभर झालं, की काशी कोळणीने मोजणीदारांच्या मुक्या पोरीला संडासात कोंडलं. आळीतल्या घरांनी तिच्याकडून मासळी घेणं बंद केलं. बायका मुलांना सांगायच्या, "तिच्याजवळ जाऊ नका हां." तिला मग पार मार्केटच्या टोकाला बसावं लागे. ते मी येताजाता पाहत होतो. पाहून रस्ता बदलत होतो.

कुंदाची पुढची दशा थोडक्यात सांगतो. तिने परसात पाऊल टाकायचं सोडलं आणि शी करायचं सोडलं. चार-चार, पाच-पाच दिवस. पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. एरंडेल झालं, एनिमा झाला. तो देताना तिघांनी तिला धरावं लागे. रक्त पडायचं. जून आला आणि गेला. बालवर्गाच्या बाईंनी निरोप पाठवला, "जमलं नाही वाटतं?" विमलने पाटी उचलून माळ्यावर टाकली.

नारळी पौर्णिमा झाल्यावर एके दिवशी विमल मला म्हणाली, "अहो, मी काशीबाईला घेऊन येते. पोर तिच्याशिवाय कुणाजवळ टेकत नाही. चुकली असेल बिचारी एकदा. माणूसच आहे." मी पानावर बसलो होतो. हो म्हणालो. विमल स्वतः कोपरीला जाऊन तिला घेऊन आली. आईने तोंड फिरवलं, पण नातीच्या पोटाकडे बघून ती गप्प राहिली.

काशीबाईने आल्यावर काहीच केलं नाही. महिनाभर नुसती पायरीवर शिंपल्या घेऊन बसायची. विमल अधीर झाली की काशीबाई म्हणायची, "थांब गो वयनी. माझा भाव अस्साच होता. कवा बोल्ला नाय. पन जालं असं विनायचा, की सगली वाडी त्याच्याकडं द्यायची. त्याला बी खाडीवरचा त्याचा येकच दगड लागायचा, दुसऱ्यावर बसायचा नाय. बाबानं लय मारला. मंग आयशीनं बाबालाच सांगितलान, राहू दे दगड त्याचा." कुंदा हळूहळू परसात येऊ लागली. विहिरीच्या पलीकडे पेरूखाली छपराची दोन जुनी कौलं पडली होती. त्यांवर एकेक पाय ठेवून ती चवड्यांवर बराच वेळ उभी राहायची. आणि एक दिवस, दोन कौलांच्या मध्ये, तिथेच तिने कार्यभाग उरकला. विमलच्या डोळ्यांना पाणी आलं. आई म्हणाली, "अगं बाई, विहिरीजवळ!"

काशीबाई म्हणाली, "आजी, वरडू नका. पोरीनं जागा धरली. आता पोरीला न्यायची नाय. जागेलाच न्यायची."

दसऱ्यापासून ते सुरू झालं. त्या दोन कौलांवर कुंदा तीन दिवस सुखाने बसली, की काशीबाई चौथ्या दिवशी ती कौलं संडासाच्या दिशेने एक वीत सरकवायची. वीत तिची स्वतःची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. कुंदा बिथरली तर एक वीत मागे. एकदा आमच्याकडे पाहुणे आले तेव्हा चार विती मागे जावं लागलं. "जाऊ दे, भरती-ओहोटी असायचीच," एवढंच ती म्हणाली. मागच्या गल्लीतून मैला न्यायला येणाऱ्या माणसाशीही तिनेच बोलून घेतलं. तो उशिरा येऊ लागला, आणि येताना भिंतीवर काठीने तीनदा ठोकू लागला. पेरूपासून दारापर्यंत अंतर पस्तीस हात. मी ते साखळीने मोजलं होतं. काशीबाईने ते विचारलंही नाही.

रोजची ती घाण राखेने झाकून उचलायचं काम मी मागून घेतलं. आईला ते इतकं लागलं, की पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. विमलला वाटलं, बापाचं प्रेम. काशीबाई तेवढी मला टोचून म्हणायची, "भाऊ, राख जास्त टाका. राखेत कसली कंजुशी?" मी तिच्या नजरेला नजर देत नसे. फावडं आणि राखेचं घमेलं घेऊन चालता चालता मनात रोज म्हणायचो, आज सांगू. मग उद्या सांगू.

पुढच्या उन्हाळ्यात कौलं संडासाच्या दाराशी पोचली आणि तिथे सगळं थांबलं. चार विती राहिल्या होत्या. कुंदा त्याच्यापुढे येईना. आठ दिवस झाले, दहा झाले. जून पुन्हा जवळ आला होता. बाईंनी यंदाही जागा राखली होती. एका सकाळी मी राख टाकायला गेलो, तर काशीबाई दाराकडे बघत उकिडवी बसली होती. कुंदा कौलांवर उभी होती, डोळे दाराच्या वरच्या भागावर. विमल घरात होती.

काशीबाई न वळता म्हणाली, "भाऊ, ती कडी काढा."

"कडी?"

"पोरीला दिसते ती. तुमाला दिसत नाय?"

मी पेचकस आणला. चार स्क्रू गंजले होते. शेवटचा निघेना, तेव्हा त्यावर तेल सोडलं. कडी हातात आल्यावर मी म्हणालो, "काशीबाई, त्या दिवशी..." तिने हात वर केला. "पोर उभी हाय. आता गप राव्हा."

मी गप्प राहिलो. त्याच आठवड्यात कौलं आत गेली, कौलांमागोमाग कुंदा आत गेली. जूनमध्ये विमलने माळ्यावरून पाटी काढली. कुंदा दोन वर्षं त्या बालवर्गात बसली, पुढच्या शाळेने घेतली नाही, तो वेगळा विषय. आज ती अकरा वर्षांची आहे, वीस-पंचवीस शब्द बोलते, आणि तिची ती सगळं करते.

"आता गप राव्हा" असं काशीबाई म्हणाली होती, ते त्या घटकेपुरतं. पोर बिथरू नये म्हणून. हे मला तेव्हाही समजत होतं. मी सहा वर्षं गप्प राहिलो. आळीतलं तिचं गिऱ्हाईक थोडं परत आलं, सगळं नाही. आई गेली, तीही तिला सटवी समजूनच गेली. आणि काशीबाई रोज अकराच्या आत आमच्या पायरीवर येऊन बसत होती.

हिराने बातमी सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी मी कोपरीला गेलो. काशीबाईचा मुलगा धर्मा अंगणात फाटलेलं जाळं घेऊन बसला होता. त्याने खाट पुढे केली. मी बसलो नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. कडी मी घातली होती, तुझ्या आईने नव्हे. धर्मा सुई चालवत ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, ते आमाला ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. आय घरी आली नि बोल्ली, कडी भाऊंनी लावली नि बोलला नाय. सगल्या वाडीला ठाव हाय." तो थोडा हसला. "तुमच्या आलीतच कोनाला ठाव नाय."

मी विचारलं, मग ती परत का आली? इतकी वर्षं, रोज?

"पोरीसाठी आली. नि म्हावरं तं इकायचंच ना." दातांनी दोरा तोडून तो म्हणाला, "मी लय वैतागायचो. बोलायचो, त्या मानसाला इचार तरी तोंडावर. तं आय बोलायची, राहू दे, पोरीला वरीस लागला, बापाला जास्त लागंल."

संध्याकाळी मी विमलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "मी तिला तोंडावर म्हटलं होतं हो, एकदा चुकलीस, जाऊ दे, मी मनात ठेवलं नाही... ती नुसती हसली होती." ताट बाजूला सारून ती उठली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा समोर ठेवताना म्हणाली, "कोपरीला सांगून काय उपयोग? त्यांना माहीतच होतं. आळीला कळायला हवं. लिहा. आणि आपलं घर कुठलं ते कळेल असं लिहा."

म्हणून हे लिहिलं. आमच्या आळीत पुरवणी बहुतेक घरांतून येते. विहीर आणि पेरू असलेलं परसू एकच आहे, कुणाला शोधावं लागणार नाही. त्या परसात आजही तोच संडास आहे. दार जुनंच आहे, चौकटीत कडीच्या जागी चार भोकं आहेत. बाहेरून कडी नाही म्हणून वाऱ्याने दार आपटतं. सुताराने दोनदा विचारलं, बसवून देऊ का? दोन्ही वेळा नको म्हटलं. आतली कौलं कधीच फुटली. कुंदाने नवी दोन आणवून घेतली, ती दाराबाहेर असतात. रोज सकाळी ती आधी त्या दोन कौलांवर उभी राहते, क्षणभर, मान वर करून चौकटीकडे बघते... आणि मग आत जाते.

काल मी तिच्यामागे उभा होतो. ती वळली नाही, पण बाजूला सरकली, आणि एक कौल तिने मोकळं सोडलं.